सगळ्यांहून वेगळी साडी

निरोप समारंभाला आपण कोणती साडी नेसणार, हे गौतमीने कुणालाच सांगितलं नव्हतं. जिवाभावाच्या रेश्मालाही नाही. रेश्माने खोदून खोदून विचारलं, तेव्हा "आईची एखादी जुनी नेसंन," म्हणून तिने विषय टाळला. यंदा दहावीच्या मुलींसाठी 'उत्कृष्ट वेशभूषा' असं बक्षीस होतं. पाचवीपासून गौतमीला एकही बक्षीस मिळालं नव्हतं, संगीत खुर्चीचंसुद्धा नाही. हे मात्र ती सोडणार नव्हती.

साडी होतीही तशीच. रामा रंग, गुलाबी काठ आणि पदरावर मोर. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीआधी कोंडाजीअण्णांनी गावातल्या एकूण एक बायकांना हळदीकुंकवाला बोलावून ती वाण म्हणून दिली होती. आता घरोघर वाटलेली साडी घरोघर असणार, एवढं गौतमीला कळायला हवं होतं. पण नटायचं म्हटल्यावर एवढा विचार करतं कोण?

समारंभाच्या दिवशी मुली गणवेशात आल्या, फुगे बांधले आणि साड्या नेसायला प्रयोगशाळेत शिरल्या. रेश्माने पिशवीतून साडी काढली. रामा रंग, गुलाबी काठ.

"रेश्मे, ही कुटली गं?" गौतमीचा आवाज चिरकला.

"मामानं आणली, महाळुंग्यासनं. तितं लई मोठं दुकान झालंय," रेश्माने ठणकावून सांगितलं.

तेवढ्यात नाजनीनने साडी काढली. तिचाही मामा महाळुंग्याचाच निघाला. मग एकेक पिशवी उघडत गेली आणि प्रयोगशाळेत मोरच मोर झाले. सगळ्या एकमेकींवर तुटून पडल्या.

"मला आदी सांगायचं न्हाई व्हय?"

"तू तरी सांगितलंस का?"

शेवटी नाजनीन म्हणाली, "गप बसा गं! ठरवून नेसलो म्हणायचं. ड्रेसकोड!"

"मी न्हाई," गौतमी फणकारली. साडी पिशवीत कोंबून ती गणवेशातच मांडवात जाऊन बसली. रडू आवरता आवरत नव्हतं.

प्रमुख पाहुणे खुद्द कोंडाजीअण्णा होते. निवडणुकीत ते पडले होते, पण शाळेला मांडव त्यांचाच लागायचा, त्यामुळे मान कायम होता. मुली रांगेने स्टेजवर आल्या, तसा अण्णांचा चेहरा आधी फुलला, मग विचारात पडला आणि मग काळवंडला. त्यांनी माईक ओढून घेतला.

"माजी साडी सगळ्या घरांत पोचली म्हणायची. मग मी पडलो कसा?"

मांडवातल्या आया उगाच पदर सावरू लागल्या. मुख्याध्यापक शरदचंद्र सरांनी पाण्याचा ग्लास पुढे केला, तो अण्णांनी बाजूला सारला. इतक्यात त्यांची नजर गणवेशातल्या गौतमीवर गेली.

"ये पोरी, वर ये. बगा हिच्याकडं! ह्या एकाच घरानं फुकटची साडी घेतली न्हाई. वेशभूषेचं बक्षीस हिलाच! आई कुटं हाय गं तुजी? तिचाबी सत्कार करू."

चकचकीत ट्रॉफी हातभर अंतरावर होती.

"आई न्हाई आली," गौतमी घाईने म्हणाली.

"आले की गं, ही काय!" मागून साळूबाई लगबगीने उठल्या. त्यांची साडी लेकीने पिशवीत घालून शाळेत आणली होती, म्हणून त्या सासूबाईंच्या वाटणीची नेसून आल्या होत्या. रामा रंग, गुलाबी काठ.

"वैनी, तुमीबी?" अण्णांनी माईकमधूनच विचारलं.

"व्हय की! लई झ्याक साडी हाय, अण्णा. मला एक आन् आत्याबाईंना एक. आमी दोघींनी बटण तुमचंच दाबलं."

"आन् घरातले गडी?"

"ह्यांना आन् मामंजींना काय दिलंवतं तुमी?"

मागे बसलेल्या बाप्यांत "बराबर हाय" अशी कुजबुज झाली.

"आयला! एवढं मला एकानं सांगितलं न्हाई," असं म्हणून अण्णांनी ट्रॉफी उचलली आणि गौतमीला ओलांडून साळूबाईंच्या हातात ठेवली.

टाळ्यांचा कडकडाट झाला. रेश्मा सगळ्यात जोरात वाजवत होती. गौतमीलाही वाजवाव्या लागल्या.

साळूबाईंनी फोटोसाठी लेकीला जवळ ओढलं आणि कानाशी म्हणाल्या, "तू साडी का न्हाई गं नेसलीस? नेसायची की, बक्षीस मिळालं असतं."