काटा हिरव्यात हाय का?

नव्या घराच्या वास्तुशांतीला गेलेली माणसं आधी देवघर बघतात, मग फरशीला नावं ठेवतात आणि मग जेवायला बसतात. आमच्या शेजारच्या नीलाक्का उंबऱ्यातच उभ्या राहून घरधन्याला विचारतात, "लाल बाटली कुटाय?"

लाल बाटली म्हणजे आग विझवायचं यंत्र. ते नसेल तरी आक्का जेवतात, पण दाराजवळची जागा धरून. का, असं कुणी विचारलं तर "पळायला बरं," असं हळू आवाजात सांगतात. सगळ्या पंगतीला ऐकू जाईल इतक्याच हळू.

आक्का सत्तरी ओलांडलेल्या. त्यांच्या यजमानांचा टॉवेलचा कारखाना होता. ते गेले, कारखाना विकला गेला, मुलगा महेश पुण्याला. आता घरात आक्का एकट्या. मराठी आमच्यासारखंच बोलतात, पण घाबरल्या किंवा चिडल्या की कन्नड सुरू होतं. भाचीच्या लग्नात त्यांनी आहेर म्हणून लाल बाटली दिली, तेव्हा ती वरपक्षात हातोहात फिरली. नवरदेवाच्या आईनं शेवटी विचारलंच, "आमच्यावर काही संशय आहे का?" आक्का म्हणाल्या, "तुमच्यावर न्हाय ओ, तुमच्या गॅसच्या नळीवर."

एवढ्या ध्यासामागे काहीतरी दुःखद कहाणी असणार, असं मला वाटायचं. एकदा मी आवाज जड करून विचारलं, "आक्का, तुमच्याकडे कधी काही जळलं होतं का हो?" डोळ्यांत थोडं पाणीही तयार ठेवलं होतं.

"छ्या! काय बी जळलं न्हाय की. कारखान्यात मानसं आलती, आग कशी इझवायची ते दाखवायला. पत्र्याच्या ट्रेमदी डिझेल पेटवलं नि म्हनले, कोन येतंय पुढं? मॅनेजर मागं सरकला. आमचे मालक बी मागं सरकले. मी गेले. पिन काडली, आगीच्या बुडाला नेम धरला, दाबलं नि झाडूवानी फिरवलं. फुस्स! समद्यांनी टाळ्या वाजवल्या." मग म्हणाल्या, "माज्यासाटी कुनी टाळ्या वाजवल्याल्या त्या पयल्याच. मालक बी वाजवत हुते."

मी तयार ठेवलेलं पाणी फुकट गेलं.

माझं एक झेरॉक्सचं दुकान आहे, एक जुनी गाडी आहे आणि सुनंदा नावाच्या बायकोचं एक घर आहे, ज्यात मी राहतो. तिन्ही ठिकाणी लाल बाटली नाही हे कळल्यावर आक्कांनी मला आठवडाभर सुखानं जेवू दिलं नाही. शेवटी मी मोबाइलवर खूप अभ्यास केला आणि सवलतीत मिळाली म्हणून एकच, नऊ किलोची घेतली. मोठी असली की तिन्हीकडे चालेल, असा माझा हिशेब. ती घरी उचलून आणताना माझी कंबर धरली. सुनंदाला तर ती जागची हलेना.

आक्कांनी कपाळाला हात लावला. "आरं, आग कशाची हाय ते आदी बगावं की! लाकूड, कापड असंल तर पानी चालतंय. तेलाला पानी म्हंजे घात. आन् विजेला पानी म्हंजे तुजाच दहावा. दुकानात पावडर मारलीस तर आग इझंल, पन तुजं मशीन बी कायमचं इझंल. तितं काळ्या भोंग्याची ग्यासवाली बाटली पायजे."

मग मी मुकाट्यानं दुकानाला भोंगेवाली, घराला सुनंदाला पेलेल अशी पावडरची आणि गाडीला छोटी, अशा तीन आणल्या. नऊ किलोवाली दुकानदारानं परत घेतली, पण हसून घेतली. गाडीतली मी डिकीत ठेवली, सामानाखाली नीट. आक्का म्हणाल्या, "म्हंजे गाडी पेटल्यावर आदी समदं सामान उतरवनार व्हय? शीटखाली ठेव, हाताला यील अशी." घरची मी शेगडीच्या बरोबर वर टांगली होती. फरशीच्या रंगाला ती तिथंच शोभत होती. "आन् हिला काडायला आगीतनं हात घालनार?" तीही दाराशेजारी आली. मी पदवीधर आहे, हे इथं मुद्दाम सांगत नाही.

तेव्हापासून सकाळी आमचा चहा उकळायला लागला की आक्का दारात हजर. "काटा हिरव्यात हाय का?" विचारायचं आणि माझ्या उत्तरावर विश्वास न ठेवता स्वतः जाऊन बाटलीच्या काचेवर नखानं टकटक करायचं. आतला काटा हिरव्या पट्ट्यात असला की बाटली ठीक. हा काटा काही रोज हलत नाही, महिन्यातून एकदा बघितला तरी पुरतो, हे मी त्यांना पुस्तिकेत दाखवून दिलं. "तुला काय म्हाईत," म्हणाल्या आणि खुर्ची ओढून बसल्या. सुनंदानं कप पुढे केला. संध्याकाळी गॅसची नळी बघायला पुन्हा एक फेरी. "जेवूनच जा," असं सुनंदा म्हणाली की लगेच उठायच्या. "माजा सैपाक वाट बगतोय."

दसऱ्याच्या आधी महेशचा फोन आला. "काका, आई नीट जेवते का? विचारलं की म्हणते, तुडुंब. पण या खेपेला फार वाळलेली दिसली. तसं असेल तर घर बंद करून मी तिला इकडंच आणतो."

हे आक्कांच्याही कानावर होतं. "मी न्हाय जात," त्या आम्हाला म्हणाल्या होत्या. "मजल्यामजल्यावर लाल बाटल्या हाईत तितं. पन चा कुनाच्या घरी प्यायचा?"

मी महेशला म्हणालो, "अरे, काळजी सोड! मी आहे ना शेजारी. रोज बघतो. ठणठणीत आहेत." शेजारधर्मावर मी फोनवर फार छान बोलतो.

खंडेनवमीला मी घरातल्या यच्चयावत यंत्रांची पूजा केली. गाडी, मिक्सर, सुनंदाचं शिलाई मशीन. लाल बाटलीलाही हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली आणि ती पडू नये म्हणून जाड दोरा पिनेच्या कडीतून ओवून पक्की गाठ मारली. "सैल बांधा," सुनंदा म्हणाली होती. मी अर्थातच आणखी एक गाठ मारली.

पुढच्या आठवड्यात सुनंदा माहेरी मंगळवेढ्याला गेली. संध्याकाळी मला कुरडया तळायची लहर आली. कढईत तेल तापत ठेवलं आणि तेवढ्यात एका गिऱ्हाइकाचा फोन. पत्रिकेचा रंग शेंदरी की केशरी यावर मी बाहेरच्या खोलीत वाद घालत बसलो. मी जिंकत होतो. परत येऊन बघतो तर कढईतून ज्वाळा वर चाललेल्या.

मी बाटलीकडे धावलो. बाटली आली, पिन येईना. ओढली, दातानं दोरा चावला, तोंडात झेंडू आला. दोरा मात्र अभंग. शेवटी बाटली टाकून मी पाण्याची कळशी उचलली.

"नीरु ब्याड! नीरु ब्याड!"

आक्का दारातून ओरडत आल्या. पाणी नको, एवढं कन्नड सोलापुरात कुणालाही कळतं. त्यांनी मला कळशीसकट बाजूला ढकललं, शेगडीचं बटण बंद केलं आणि परात आडवी धरून कढईवर सरकवली. आग गुदमरली आणि गेली. परातीला हात लावू नको, गार होऊ दे, असं बजावून आक्का मटकन खाली बसल्या. मी टाळ्या वाजवायला हव्या होत्या. पण माझ्या हातात अजून कळशी होती.

जरा वेळानं मी म्हणालो, "आक्का, चहा घेऊ. इथं नको, तुमच्याकडं करतो."

"माज्याकडं नगं." त्या इतक्या चटकन म्हणाल्या की मला वाटलं, घर आवरलेलं नसेल. मी दूध, साखर, पत्ती उचलली आणि पुढे झालो. इतक्या वर्षांत त्यांच्या स्वयंपाकघरात मी कधी गेलोच नव्हतो.

दाराशेजारी लाल बाटली, पुसून लख्ख. ओट्यावर शेगडी, तिच्यावर कारखान्यातला एक पांढरा टॉवेल घडी घालून अंथरलेला. टॉवेल उचलला. इतकी स्वच्छ शेगडी मी फक्त दुकानात बघितली होती. सिलेंडरच्या टोपीवर धूळ. बाजूला विकतच्या कडक भाकरीचा डबा, शेंगाचटणीची बरणी आणि अर्धा कांदा. बाकी काही नाही.

"आक्का, तुमचा सैपाक?"

त्या दाराला टेकून उभ्या होत्या. "मालक असताना कारखान्याची मानसं बी जेवायची हितं. आता एकटीसाटी काय पेटवायचं? भाकरी टिकतीय की महिनाभर." मग हळूच म्हणाल्या, आणि या वेळी खरोखरच हळू, "महेशला सांगू नगंस. पुन्याला घिऊन जाईल मला."

घरात माणूस गेलं की त्या दिवशी चूल पेटत नाही. आक्कांच्या घरात तो दिवस अजून चालूच होता. आणि रोज सकाळी माझ्यासमोर बसून चहा पिणाऱ्या या बाईला मी ठणठणीत ठरवून मोकळा झालो होतो. मला फार वाईट वाटलं. मी सिलेंडरची टोपी काढायला लागलो.

"नाही सांगत," मी म्हणालो. "पण सकाळची तपासणी आमच्याकडं, संध्याकाळची इथं. मी आणि सुनंदा येणार. तुमची नळी बघायला कुणी नको का? आणि आलेल्या माणसाला जेवू न घालता पाठवायची तुमच्यात पद्धत नाही."

आक्कांनी पदरानं डोळे पुसले. मग मी रेग्युलेटर बसवून लायटर हातात घेतल्यावर एकदम पुढे झाल्या.

"थांब!"

दाराशेजारच्या बाटलीजवळ जाऊन त्यांनी काचेवर नखानं टकटक केलं, डोळे बारीक करून बघितलं, आणि शेगडीकडे वळल्या.

"हिरव्यात हाय," म्हणाल्या. "पेटव."