चुन्याची रेघ

जगूकाका घरातल्या प्रत्येक वस्तूवर चुन्याची रेघ मारत. तेलाची बरणी, रॉकेलची बाटली, दुधाचं पातेलं. जे जे कमी होण्यासारखं, त्यावर पान लावून झालं की बोटाला उरलेला चुना टेकवायचा. माल विनाकारण रेघेखाली गेला की चौकशी सुरू. एकदा दूध कमी भरलं म्हणून ते आमच्या मांजराच्या मिशांना चुना लागलाय का, ते बघायला आमच्या पडवीत आले होते. मांजर सुटलं. त्यानंतर काही दिवस ते माझ्याच मिशांकडे बघत.

"संशय घेत नाही मी, मास्तर," ते म्हणत, "खात्री करतो. माणूस खोटं बोलतो. रेघ कशी बोलेल?"

वसईजवळ गिरीजला त्यांची वाडी आणि आमची वाडी कुंपणाला कुंपण लावून. मी शाळेत शिकवायचो, ते मुंबईच्या एका गिरणीत स्टोअर सांभाळायचे. कोणी काय नेलं ते दिवसभर बघायचं, आणि घरी येऊन तेच काम बिनपगारी करायचं. त्यांना जाऊन आता महिना होत आला. अजून संध्याकाळी पानाच्या डब्याचं झाकण वाजल्यासारखं होतं आणि मी हातातलं पुस्तक खाली ठेवतो.

काकूंना दमा होता. गिरणी आपल्या माणसांच्या बायकापोरांनाही औषध फुकट देई. गिरणीची चिठ्ठी दाखवली की वसईच्या बाजारात इनास कंपाउंडरच्या दुकानातून काकूंचं तांबडं मिक्श्चर मिळायचं. मग कामगारांना सरकारी विमा लागू झाला आणि गिरणीनं चिठ्ठ्या बंद केल्या. विमा होता फक्त कामावरच्या माणसाचा. घरच्यांना तेव्हा त्यात जागा नव्हती.

इनासनं पहिल्यांदा पैसे मागितले, त्या दिवशी काका थेट आमच्याकडे आले.

"पगारातून पैसे माझे कापतात. मी ठणठणीत. खोकते ती, आणि तिला विमा नाही! आता काय, तिच्या वतीनं मी खोकू?"

"नियमच तसा असेल, काका."

"नियम इनासच्या तोंडून ऐकायचा? तो विम्याकडूनही घेतो आणि माझ्याकडूनही घेतो. लिहून ठेव."

मी नियमाचा कागद वाचून दाखवला. काकांनी तो उजेडात धरून उलटसुलट पाहिला. कागदाचाही त्यांना संशय आला.

त्यानंतर घरात उठता बसता त्या पैशांचाच जप. जेवताना इनास, झोपताना इनास. काकू सगळं ऐकून घेत.

इनास बाटलीला खाचा पाडलेली कागदाची पट्टी चिकटवून द्यायचा. एक खाच म्हणजे एक डोस. सगळेच कंपाउंडर देतात. काकांनी ती पट्टी नखानं खरवडून काढली. "पट्टी त्याची, खाचा त्याच्या. म्हणजे माप चोराचंच!" रोज सकाळी ते औषधाच्या पातळीवर आपली रेघ मारत आणि संध्याकाळी औषध रेघेखाली बोटभर उतरलंय का, ते बघत. रोज उतरलेलं असे. काका समाधानानं पान लावत.

पण बाटली काही संपेना. पूर्वीच्या दोन बाटल्या संपल्या असत्या तरी ही एक चालूच. दुसऱ्या कोणाला आनंद झाला असता. काकांना उलगडा झाला.

"सापडला! गिरणी पैसे देत होती तेव्हा औषधात पाणी घालून भराभर संपवायचा. आता मी पैसे मोजतो, तर माल खरा देतो, म्हणून टिकतो. चल, साक्षीला चल."

गिरणीला सुट्टी होती. दुपारी जेवण झाल्यावर बाटली पंच्यात गुंडाळून आम्ही बाजारात गेलो. दुकानात चार माणसं होती, ती काकांना पुरेशी वाटली. त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असा आरोप केला.

इनास शांतपणे खलात काहीतरी घोटत होता. "माझ्या मिक्श्चरमधी पानी नाय, काका. तेव्हाबी नव्हतं."

"मग टिकतं कसं?"

"काकू घेत नसतील."

"रोज संध्याकाळी बघतो मी. रेघेच्या खालीच असतं!"

इनासनं बाटली उजेडाकडे फिरवली. औषधाच्या पातळीशी पुसलेल्या चुन्याचे पांढुरके डाग होते आणि ताजी रेघ त्यांच्या बोटभर वर होती.

"ही रेघ कोन मारतं?"

"मी. घरात चुना खाणारा मी एकटा."

इनासनं बाटली काकांच्या हातात परत दिली आणि फक्त एवढंच म्हणाला, "परवा काकू देवळाकडे दिसल्या. चार पावलं टाकून बसत होत्या."

वाटभर काका त्याला शिव्या देत होते, पण आवाज उतरत गेला. घरी पोचलो तेव्हा मागच्या विहिरीवर रहाट चालू होता. त्याच्या करकरीआडून खोकला येत होता. रहाट थांबला तसा खोकलाही दाबला गेला, आणि काकू पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. तांब्या धरलेल्या हाताच्या बोटाच्या टोकाला पांढरं काहीतरी वाळलेलं होतं.

काकू पान खात नसत.

काकांनी ते बोट पाहिलं. मी चौकशीची वाट बघत राहिलो. ते पाणी प्यायले, तांब्या परत दिला आणि म्हणाले, "बस जरा."

दुसऱ्या दिवशी कामावर न जाता ते सकाळीच कुंपणाशी आले. "चल. साक्षीला नाही, नुसता चल."

दुकान नुकतंच उघडलं होतं. काकांनी आधी पैसे ठेवले.

"इनास, ती विचारेल तुला. सांग, विमा बदलला, बायकांनाही लागू झाला. औषध फुकट आहे म्हणून सांग."

"खोटं बोलू?"

"तू आयुष्यभर खोटंच बोलतोस, असं मी धरून चाललो होतो. मग आता एकदा बोल की!"

इनास हसला. "आणि पाप कबूल करायला कुमसाराला बसलो की फादरला काय सांगू?"

"माझं नाव सांग. गाव हेच म्हणेल, जग्या कुणालाही भरीला पाडेल."

पैसे इनासनं मोजले नाहीत. काकांनीही मोजायला सांगितलं नाही. तेवढंच मला विलक्षण वाटलं.

त्यानंतर काकूंचा खोकला बसला. काका इनासला चारचौघांत चोरच म्हणत राहिले, आणि दर वेळी गुपचूप पैसे देऊन येत राहिले.

परवा मी काकूंकडे गेलो होतो. तेलाच्या बरणीवर, रॉकेलच्या बाटलीवर काकांच्या रेघा तशाच आहेत. काकू त्या पुसत नाहीत. औषधाची बाटली कोनाड्यात होती. तिची काच स्वच्छ होती आणि इनासची पट्टी जागच्या जागी होती. मी तिकडे बघतोय, हे त्यांनी पाहिलं.

"विम्याचं मला ठाऊक होतं, मास्तर," त्या म्हणाल्या. "इनासला खोटं बोलता येतं होय? कानापर्यंत लाल झाला होता."

"मग तुम्ही औषध घ्यायला कशा लागलात?"

त्यांनी पदराच्या टोकानं बाटली पुसली.

"यांनी हिच्यावर रेघ मारायची सोडली ना. तेव्हा म्हटलं, आता घ्यायलाच हवं."