दोन मतदारांचं बेट

डॉक्टर सबनीसांच्या घरात हीटिंग लावायचं की नाही, हे गुप्त मतदानानं ठरायचं. मतदार दोन. एक ते आणि दुसरा त्यांचा भाडेकरू, म्हणजे मी.

शॉर्टब्रेड बिस्किटांच्या डब्याच्या झाकणाला त्यांनी फट पाडली होती. चिठ्ठ्या जुन्या प्रिस्क्रिप्शन पॅडच्या. जिन्याखालच्या कपाटात व्हॅक्यूम क्लीनरला चिकटून उभं राहायचं आणि मत लिहायचं. एक जण आत असताना दुसऱ्यानं बाहेर रांग लावायची. मग डॉक्टर चष्मा चढवून मोजणी करत.

"लावावं, एक. लावू नये, एक. बरोबरी! बरोबरी झाली की आहे तसंच."

लेस्टरचा अख्खा जानेवारी मी असा बरोबरीत काढला, दोन स्वेटर आणि कानटोपी घालून.

"कुणी काय लिहिलं ते विचारायचं नाही हं," ते मला बजावत. "गुप्त मतदान आहे."

हे सगळं त्या बेटामुळे. दक्षिण अटलांटिक महासागराच्या मधोमध ट्रिस्टन द कुन्हा नावाचं बेट आहे. बेट म्हणजे एक ज्वालामुखी आणि त्याच्या पायथ्याशी एकच गाव. केप टाउनहून बोटीनं आठवडाभर लागतो. साठच्या दशकाच्या सुरुवातीला गावाच्या अगदी उशाशी जमीन फाटून लाव्हा बाहेर आला आणि सगळं गाव बोटीत घालून इंग्लंडला आणावं लागलं. डॉक्टर तेव्हा नुकतेच नागपूरहून येऊन इंग्लंडच्या दक्षिणेकडच्या एका हॉस्पिटलात ज्युनिअर म्हणून लागले होते. बेटावरच्या माणसांना इथली सर्दी सोसेना. त्यांच्या छात्या तपासता तपासता डॉक्टर त्या बेटात अडकले ते अडकलेच.

"अरे बाबा, घरं दिली, नोकऱ्या दिल्या, टीव्हीसुद्धा दिला," ते कालच घडल्यासारखं सांगत. "आणि यांनी मतदान घेतलं. परत जायचं का? मोजकी माणसं सोडली तर सगळे म्हणाले, जायचं. ज्वालामुखीवर! बटाटे लावायला!"

म्हणून शेजाऱ्यांच्या बागेत गुलाब होते आणि आमच्या बागेत बटाटे. गणपतीशेजारी बेटाचा नकाशा. प्लंबर उशिरा आला की त्याला ऐकवायचे, "ऑन द आयलंड, माय फ्रेंड, द शिप कम्स लेट, बट द शिप ब्रिंग्ज द पार्ट." त्या प्लंबरची पक्की समजूत होती की डॉक्टर तिथलेच.

माझीही होती. पहिल्याच आठवड्यात मी विचारलं, "काका, किती वर्षं होतात तिथे?"

"मी? छे! मला बोट लागते."

मी बार्शीचा. वडील शिंपीकाम करतात. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे काय शिकायचं, कुठे शिकायचं, हे वडील आणि शाळेतले सर ठरवत गेले. त्यांनी चांगलंच ठरवलं, तक्रार नाही. पण माझं मत कागदावर लिहून मागणारा पहिला माणूस म्हणजे डॉक्टर. सुरुवातीला हीटिंगसाठी लिहितानाही माझं अक्षर वाकडं यायचं. थंडीमुळेही असेल.

मार्चमध्ये मँचेस्टरहून पत्र आलं. पीएचडीची जागा, स्कॉलरशिपसकट. मला ती फार हवी होती. पण डॉक्टरांना सांगवेना. काकू जाऊन चार वर्षं झाली होती, मुलगा कॅनडात. मी गेल्यावर कपाटाबाहेर रांगेत उभं कोण राहणार? पंधरा दिवस पत्र बॅगेत घेऊन हिंडलो. शेवटी एका संध्याकाळी पिठलं ढवळता ढवळता सांगून टाकलं आणि वर म्हणालो, "तुम्ही नको म्हणालात तर नाही जाणार."

ते बटाटे सोलत होते. हातातला पूर्ण सोलून झाला, मग म्हणाले, "हे मी एकट्यानं कसं ठरवू? डबा आण."

विषय त्यांनीच मोठ्यानं वाचला. "सतीशनं मँचेस्टरला जावं का?"

मी आत जाऊन बराच वेळ उभा राहिलो. 'जावं' लिहिलं. बाहेर आल्यावर त्यांच्याकडे बघवेना. एक-एक झालं तर आहे तसंच, हे मला माहीत होतं. त्यांनाही. मग ते आत गेले. त्यांना नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला.

मोजणी सुरू झाली.

"जावं, एक." ती माझी.

"नको, एक." अक्षर डॉक्टरी.

मी खाली बघितलं. पिठलं लागल्याचा वास येत होता. डॉक्टरांनी डबा उलटा करून टेबलावर दोनदा आपटला. आतून आणखी एक चिठ्ठी पडली. पुन्हा तेच डॉक्टरी अक्षर.

"जावं, दोन," ते म्हणाले. "बहुमत."

"काका, मतदार दोनच आहेत."

त्यांनी चष्मा काढला आणि स्वेटरच्या टोकानं बराच वेळ पुसला.

"ही हिची," ते म्हणाले. "चाळीस वर्षांत एकदाही हिनं माझ्या बाजूनं मत दिलं नाही."