बेवारस ट्रॉली

वस्तू जागच्या जागी ठेवावी, हे आपल्याला लहानपणापासून शिकवतात. पण कुणाची वस्तू, किती वेळा आणि कुणी न सांगता ठेवावी, हे मात्र कुणी शिकवत नाही. ते शिकवलं असतं, तर आमच्या खालच्या मजल्यावरच्या ग्रंथपालांवर त्या रविवारी जी वेळ आली ती आली नसती.

ग्रंथपाल म्हणजे अगदी गरीब माणूस. कॉलेजच्या लायब्ररीत सव्वीस वर्षं नोकरी, कुणाच्या अध्यात ना मध्यात. त्यांच्या बायकोचं शिवणकाम मात्र साऱ्या गल्लीला माहीत. तिला यंदा पहिल्यांदाच मोठं काम मिळालं होतं : एका हॉस्पिटलचे चाळीस पडदे. काम वेळेवर दिलं तर पुढं वर्षभराचं शिवण तिच्याकडंच येणार होतं. आणि बरोबर अकराव्या पडद्याला तिच्या जुन्या शिलाई मशीननं मान टाकली. दुरुस्तीवाला आला, त्यानं मशीन उघडलं, आत बघितलं आणि काही न बोलता पुन्हा बंद केलं. (डॉक्टर असं करतात तेव्हा नातेवाइकांनी समजून घ्यायचं असतं.)

पण देव पाठीशी होता. कोपऱ्यावरच्या त्या स्वस्त सुपरमार्केटचा कागद दारात येऊन पडला. रविवारी सकाळी नऊपासून, विजेवर चालणारं शिलाई मशीन, निम्म्या किमतीत. फक्त बारा नग. एका गिऱ्हाइकाला एकच.

"अहो, तुम्हीच जा," बायको म्हणाली. तिच्या तोंडात टाचण्या होत्या आणि मांडीवर बारावा पडदा. ती हातानंच टीप घालत होती. "आधी मशीन. मशीन ट्रॉलीत पडेपर्यंत इकडंतिकडं बघायचं नाही. मग ही यादी. आणि तिथं थंडी वाजते, तो निळा कोट घाला."

"अगं, मी काय लहान आहे का?"

"लहान असतात तर बरोबर कुणाला तरी पाठवलं असतं."

हा निळा बिनबाह्यांचा कोट तिनंच शिवलेला. पुस्तकांच्या धुळीसाठी. दोन मोठे खिसे, पेनाला वेगळा कप्पा. ग्रंथपाल तो घालून, मोबाइल घरी चार्जिंगला विसरून, पावणेनऊला सुपरमार्केटच्या दारात उभे राहिले.

तुम्ही अशा दुकानात गेला असालच. तिथं थाटमाट नसतो. माल खोक्यातून बाहेरही काढत नाहीत, वरचं झाकण फाडलं की झाली मांडणी. पिशवी आपली आपण न्यायची. आणि बिल करणारी मुलगी सामान इतक्या वेगानं पुढं सरकवते की आपण पिशवीचं तोंड उघडेपर्यंत तिचं पुढचं गिऱ्हाईकसुद्धा संपलेलं असतं.

दार उघडलं तशी माणसं आत घुसली. ग्रंथपाल आयुष्यात कधी कुणाला धक्का देऊन पुढं गेले नव्हते. त्या दिवशी त्यांनी एका धिप्पाड गृहस्थाला चक्क कोपर मारलं. (नंतर मागं वळून माफीही मागितली. त्यात दोन मशीनं हातची गेली.) पण सातव्या नंबरचं मशीन त्यांच्या ट्रॉलीत पडलं ते पडलंच. त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी त्या खोक्यावर दोनदा थोपटलं. एकवीस वर्षांच्या संसारात बायकोनं सांगितलेली वस्तू, सांगितलेल्या वेळी, सांगितल्याप्रमाणे मिळण्याची ही पहिलीच वेळ होती.

यादीतलं सामानही पटापट मिळालं. चंदनी साबण, कॉफी, मीठ, कपड्यांची पावडर. आता फक्त बिल करायचं आणि घर गाठायचं. तेवढ्यात वाटाण्याच्या डब्यांमध्ये त्यांना शाम्पूची बाटली दिसली.

वाटाण्यात शाम्पू! भूगोलाच्या कपाटात स्वयंपाकाचं पुस्तक सापडलं तर त्यांना रात्रभर झोप लागत नाही, तिथं हे कसं बघवणार? 'एवढी एक बाटली जागेवर ठेवू आणि निघू,' असं म्हणून त्यांनी ट्रॉली रांगेच्या टोकाला उभी केली.

शाम्पूच्या फळीवर गेले तर तिथं बिस्किटांचा पुडा. बिस्किटं ठेवायला गेले तर तिथं मोज्यांचा जोड. मोज्यांपाशी चीज. असं करता करता त्या दुकानातली एकेक चुकलेली वस्तू ग्रंथपालांच्या हाताला धरून आपापल्या घरी निघाली. त्यांचा जीव सुखावला. अर्ध्या तासात कुठं काय आहे ते त्यांना तोंडपाठ झालं.

"दादा, टूथपेस्ट कुठंय?" एका आजींनी विचारलं.

"चौथी रांग, डावीकडं, वरून दुसरा कप्पा."

"अहो, मेणबत्त्या?"

"नववी रांग, बल्बच्या शेजारी."

लोकांनी त्यांनाच का विचारलं, हे त्यांच्या लक्षात आलं नाही. तुम्हाला सांगतो : त्या दुकानातली माणसं निळेच बिनबाह्यांचे कोट घालत.

मग हातात कागद अडकवलेली पाटी घेतलेल्या मॅनेजरबाई तरातरा आल्या. त्यांची दोन माणसं त्या दिवशी आजारी होती आणि एजन्सीनं पाठवलेला नवा माणूस अजून पोचायचा होता. त्यांनी निळा कोट बघितला आणि सुटकेचा श्वास सोडला.

"आलात का? बरं झालं बाई!"

"हो, आलो," ग्रंथपाल म्हणाले. आले होते हे खरंच होतं, आणि कुणी आपल्याला बघून खूश झालं तर खोडून कशाला काढायचं?

"तेलाच्या बाटल्या समोर घ्या. तारखा बघून लावा, जुन्या पुढं, नव्या मागं."

आता हे काम त्यांचं नव्हतं. पण 'जुन्या पुढं, नव्या मागं' असं शास्त्रशुद्ध वाक्य त्यांना कित्येक वर्षांत कुणी ऐकवलं नव्हतं. लायब्ररीत आजकाल लोक येतात ते मोबाइल चार्ज करायला. ग्रंथपालांनी शर्टाच्या बाह्या सरसावल्या आणि तेलाला हात घातला. तेलानंतर टिश्यू, टिश्यूनंतर मांजरांचं खाणं. घड्याळ कुठं होतं, यादी कुठं होती, पडदे कुठं होते, कुणास ठाऊक.

अकराच्या सुमाराला मॅनेजरबाई पुन्हा आल्या.

"ती टोकाची ट्रॉली बघा. तास-दीड तास झाला, बेवारस उभी आहे. सगळं सामान जागेवर लावून टाका."

ग्रंथपालांच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. सामान काढायचं, ट्रॉली भरायची आणि सोडून जायचं!

"कसली माणसं असतात हो!" ते म्हणाले. "आमच्याकडंही येतात असली. दहा पुस्तकं काढतात, टेबलावर टाकतात आणि चालू लागतात. यांच्या आया यांना काही शिकवत नाहीत का?"

तावातावानं त्यांनी ट्रॉली ओढली. मीठ मिठात ठेवलं. कॉफी कॉफीत ठेवली. साबण हातात घेतल्यावर मात्र ते जरा थबकले. चंदनी! आमच्याकडं हाच लागतो. पावडरसुद्धा तीच. 'माणूस बेशिस्त आहे, पण आवड चांगली आहे,' असं त्यांना वाटून गेलं. तळाशी शिलाई मशीनचं खोकं होतं. ते त्यांनी दोन्ही हातांनी उचललं, मधल्या रिकाम्या टेबलावर नेऊन ठेवलं आणि त्याचा दर्शनी भाग नीट समोर केला.

"अय्या! एक राहिलंय?" मागून एक बाई धावत आल्या. "चांगलं असतं का हो हे?"

"घ्याच, ताई! माझी बायको शिवणकाम करते, तिनं पारखून सांगितलंय. नशीबवान आहात, शेवटचं आहे."

"पण जड आहे हो."

"मी देतो ना गाडीपर्यंत!"

आणि दिलंन् की हो नेऊन! खोकं डिकीत ठेवलं, वर तिरकं होऊ नये म्हणून बाजूला पिशवी लावली आणि हात हलवून निरोपही दिला. परत येताना त्यांना मोठं समाधान वाटत होतं. 'चला,' ते स्वतःशी म्हणाले, 'पुष्कळ समाजसेवा झाली. आता आपलं मशीन घ्यावं आणि...'

तिथंच, फिरत्या दारात, त्यांचे पाय थिजले. दार त्यांना घेऊन दोनदा गोल फिरलं.

मॅनेजरबाई धावत आल्या, तर त्यांचा 'नवा माणूस' साखरेच्या पोत्यांवर डोकं धरून बसलेला.

"काय झालं? बरं वाटत नाही का?"

"मॅडम, मी तुमचा माणूस नाही हो."

"मग कुणाचे आहात?"

"बायकोचा."

आणि त्यांनी सगळं सांगून टाकलं. चाळीस पडदे, मान टाकलेलं मशीन, हातानं घातलेली टीप, सगळं. "तिनं आयुष्यात माझ्याकडं काही मागितलं नाही," ते म्हणाले. "एक मशीन मागितलं, तर ते मीच दुसरीच्या गाडीत चढवून आलो. कुठल्या तोंडानं घरी जाऊ?"

मॅनेजरबाईंना आधी हसू आलं. मग त्यांनी माणसाचा चेहरा बघितला आणि हसू आवरलं.

"हे बघा," त्या म्हणाल्या, "आज जो माणूस पूर्ण दिवस काम करेल त्याच्यासाठी एकेक मशीन आम्ही मागं काढून ठेवलंय. त्याच किमतीत. एजन्सीचा माणूस काही आला नाही. तुम्ही त्याच्या जागी सात वाजेपर्यंत थांबलात तर त्याच्या वाटचं तुम्हाला देते. पण सात म्हणजे सात. मधे गेलात तर विसरा."

"सात काय, सतरा वाजेपर्यंत थांबतो!"

"घरी फोन करा आधी."

इथं मात्र पंचाईत झाली. मोबाइल घरी होता. दुकानाचा फोन समोर होता, पण नंबर? लायब्ररीतल्या बावीस हजार पुस्तकांचे नंबर त्यांना झोपेतून उठवून विचारा, सांगतील. बायकोचा नंबर काही केल्या आठवेना. शेवटी आठवला म्हणून फिरवला, तर तो 'प्राथमिक रसायनशास्त्र, भाग दोन'चा निघाला.

मग दिवसभर माणूस राबला. खोकी फोडली, पुठ्ठे बांधले, फुटलेल्या बरणीतला जॅम पुसला. दुपारनंतर लोक त्यांचं नाव काढून येऊ लागले. "ते चष्मेवाले काका कुठंयत? त्यांना सगळं माहीत असतं." पाय सुजले, कंबर बोलायला लागली, पण तोंड यंत्रासारखं चालूच : तिसरी रांग ताई, सहावी रांग दादा, खालचा कप्पा आजी.

सहा वाजले. ग्रंथपाल शिडीवर चढून, छातीशी भलंमोठं खोकं धरून, फळीकडं तोंड करून उभे होते. खालून कुणा बाईचा रडवेला आवाज आला.

"अहो, जरा ऐकता का? माझे मिस्टर..."

"पाचवी रांग, खालचा कप्पा, ताई," ग्रंथपाल न वळताच म्हणाले. "एकावर एक फुकट आहे."



"फुकट आहे ते मला माहीत आहे," आवाज म्हणाला. "पण सकाळपासून हरवलंय."

शिडी डुगडुगली. खोकं डुगडुगलं. ग्रंथपाल कसेबसे खाली उतरले, तर समोर बायको. केस विस्कटलेले, पदराला टाचण्या तशाच, डोळे लाल.

"ताई?" ती म्हणाली. "मी ताई?"

"अगं, ऐक तर..."

"काही ऐकायचं नाही मला! नऊला गेलेला माणूस, सहा वाजले तरी पत्ता नाही! दोन दवाखाने पालथे घातले मी. पोलिसांकडं निघाले होते, म्हटलं आधी इथं एकदा विचारावं. आणि तुम्ही इथं शिडीवर चढून मला ताई म्हणताय?"

ग्रंथपालांनी मान खाली घालून सगळी हकीकत सांगितली. बेवारस ट्रॉलीपर्यंत आले तेव्हा ती ओठ चावत होती. 'गाडीपर्यंत नेऊन दिलं' म्हटल्यावर तिला हसू फुटलं, आणि हसता हसताच ती रडायला लागली.

"वेडे आहात का हो तुम्ही?" ती म्हणाली. "मशीन गेलं तर गेलं. हातानं शिवले असते मी सगळे पडदे. मशीनं काय, पन्नास मिळतील. माझा जीव कुठं लागला होता दिवसभर, तुम्हाला काय कळणार!"

ग्रंथपालांचे सुजलेले पाय, मोडलेली कंबर, सगळं हलकं झालं. एकवीस वर्षांत पहिल्यांदाच मशीन आणि आपण यांत बायकोनं आपल्याला निवडलं, हे त्यांनी मनात टिपून ठेवलं.

एवढ्यात मॅनेजरबाई मागच्या खोलीतून खोकं घेऊन आल्या. "बिल करून घ्या वहिनी. यांचा तास राहिलाय, पण पळून जाणारे वाटत नाहीत."

बायकोनं खोकं बघितलं. डोळे पुसले. खोक्यावरची सगळी अक्षरं वाचली, कोपरे दाबून बघितले आणि बिल करून दारात टॅक्सी थांबवली. ग्रंथपालांनी खोकं मागच्या सीटवर ठेवलं. ती शेजारी बसली.

"जरा जपून चालवा हं," ती ड्रायव्हरला म्हणाली. "दिवस फार काळजीत गेलाय. धक्का बसता कामा नये."

ग्रंथपालांना भरून आलं. ते खिडकीतून आत वाकले. "अगं, एवढं काही नाही. कंबर जरा दुखतेय, बाकी ठीक आहे मी. आणि तासाभरानं येतोच आहे..."

"तुम्ही बाजूला व्हा आधी," बायको म्हणाली. "पट्टा अडकतोय."

आणि तिनं हात लांब करून, नीट ओढून, टक् आवाज येईपर्यंत, मशीनला सीटबेल्ट लावला.