घरातली चालबंदी

चित्रपटाला संगीत देण्यासाठी कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं, हा प्रश्न आमच्या घरात अधिकृतरीत्या उपस्थित झाला त्या दिवशी जेवण थोडं उशिरा झालं. सुरुवातीचं नुकसान तेवढंच.

आमच्या ह्यांनी आजवर साबणाच्या जाहिराती केल्या, लिफ्टचं दार उघडताना वाजणारी टुणटुण केली. आता प्रथमच अख्खा चित्रपट हाती आला होता. शेवटच्या दृश्यात एक म्हातारा पहारेकरी बंद पडलेल्या कारखान्याचं फाटक लावतो आणि निघून जातो. कोणी काही बोलत नाही. "तिथे सगळं तुमच्या संगीतानेच बोलायचंय, सर," असं दिग्दर्शक बाई म्हणाल्या, तेव्हा ह्यांचे डोळे भरून आले होते. वेळेत काम झालं नाही तर चित्रपट दुसऱ्याकडे जाईल, हेही बाईंनी गोड आवाजात सांगितलं होतं.

एका खोलीतलं कपड्यांचं कपाट बाहेर काढून तिचा स्टुडिओ केला. भिंतींना घरातल्या रजया ठोकल्या. आम्ही चादरी पांघरू लागलो. कलेसाठी माणसाने थोडं कुडकुडायला हरकत नाही.

मग ह्यांनी धोरण जाहीर केलं. "सॉफ्टवेअर ठरेपर्यंत चाल करायची नाही."

"अहो, पण आधी चाल सुचली तर?"

"तर निवड पक्षपाती होईल. चाल एका सॉफ्टवेअरमध्ये बसेल, दुसऱ्यात बसणार नाही. मग आपण सॉफ्टवेअर निवडलं, की चालीने निवडलं?"

याला माझ्याकडे उत्तर होतं. पण दुपारपर्यंत कोणाला टोचून बोलायचं नाही, असा माझा नेम आहे, आणि ही चर्चा सकाळची होती.

अशा रीतीने घरात चालबंदी लागू झाली. गुणगुणणं, शीळ घालणं, टेबलावर बोटांनी ठेका धरणं, सगळं पुढील आदेशापर्यंत बंद. देवापुढे मी रोज म्हणते ते स्तोत्र सपाट आवाजात, रेल्वेची घोषणा केल्यासारखं म्हणू लागले. देवाने समजून घेतलं असावं. त्याच्याकडेही अर्ज असेच येत असणार.

एकदा आंघोळ करताना ह्यांना चाल सुचलीच. टॉवेल गुंडाळून बाहेर धावत आले. "आई, लवकर! भांडी वाजव!"

सासूबाईंनी पातेल्यावर उलथनं बडवलं. चाल पळाली. ह्यांनी समाधानाने डोकं पुसलं.

"कशी होती रे?" सासूबाईंनी विचारलं.

"छान होती बहुतेक. सुदैवाने आठवत नाही."

पण चालीशिवाय सॉफ्टवेअर तपासायचं कसं? त्यासाठी संगीताशी काडीचाही संबंध नसलेला, पूर्णपणे तटस्थ आवाज हवा होता. तो सासूबाईंच्या शिंकेत सापडला. शिंक ध्वनिमुद्रित झाली आणि प्रत्येक सॉफ्टवेअरच्या मोफत चाचणी आवृत्तीत चढवण्यात आली. आम्ही ती शिंक दरीत ऐकली, बोगद्यात ऐकली, शंभर व्हायोलिनांच्या साथीने ऐकली. एका सॉफ्टवेअरमध्ये ती इतकी करुण झाली, की सासूबाई स्वतःच पदर डोळ्यांना लावून म्हणाल्या, "बिचारीला औषध द्या गं कोणीतरी."

पुढची पायरी तज्ज्ञांच्या सल्ल्याची. मोबाइलवरच्या एका समूहात जाणकार मंडळी होती. तिथे दोन पंथ निघाले. एका पंथाचं सॉफ्टवेअर दुसऱ्याच्या मते दुकानदारांसाठी होतं. दुसऱ्याचं पहिल्याच्या मते शाळकरी मुलांसाठी. भांडण आईबापांपर्यंत गेलं. ह्यांनी नम्रपणे विचारलं, "आपण कोणकोणते चित्रपट केलेत?" त्यावर दोन्ही पंथ प्रथमच एक झाले आणि त्यांनी ह्यांना समूहातून काढून टाकलं.

तोवर पहिल्या सॉफ्टवेअरची चाचणीची मुदत संपली आणि तिसऱ्याची नवी आवृत्ती आली. जुन्या आवृत्तीची नवीशी तुलना करणं अन्यायाचं, म्हणून प्रक्रिया मुळापासून पुन्हा सुरू झाली. सासूबाईंनाही नव्याने शिंकायला सांगितलं. "मागणी केली की शिंक येते का रे?" असं म्हणत त्या मिरपूड हुंगत बसल्या.

अशात दिग्दर्शक बाई घरी आल्या. ह्यांनी त्यांना स्टुडिओत नेलं, हेडफोन लावला आणि दिवे मंद केले. त्यांनी अत्यंत एकाग्रतेने शिंक ऐकली.

"सर, हे काय आहे?"

"हे उदाहरण. खर्जाचा पोत बघा, पोत!"

"आणि पहारेकऱ्याची चाल?"

"निवड अंतिम टप्प्यात आहे. चाल ही त्यानंतरची औपचारिकता."

बाईंनी हेडफोन हळूच खाली ठेवला. पाणी प्यायल्या. दारात चपला घालताना मला म्हणाल्या, "काकू, तुमचे भाऊही संगीत देतात ना? त्यांचा नंबर द्याल?"

माझा धाकटा भाऊ लग्नाच्या चित्रफितींना संगीत जोडून देतो. त्याचे सूर तसे बेताचेच. मी ह्यांच्याकडे पाहिलं. ते नवी आवृत्ती उतरवून घेत होते आणि उतरण्याची पट्टी पुढे सरकताना पाहत होते. मी नंबर दिला.

"भाऊजी, तुम्हाला राग नाही ना आला?" काम त्याच्याकडे गेल्यावर भावाने फोनवर विचारलं.

"राग कसला? पण तू कुठल्याही तुलनात्मक अभ्यासाशिवाय काम हाती घेतोयस, याचं वाईट वाटतं."

पहिल्या खेळाला आम्ही सगळे गेलो. पहारेकऱ्याने फाटक लावलं, कुलूप ओढून पाहिलं, आणि संगीत सुरू झालं. चाल साधारणच होती. पण होती. पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी नाक पुसलं. आमचे हे अंधारात कान टवकारून बसले होते; माझा हात दाबून कुजबुजले, "अगं, प्रतिध्वनी कुठला वापरलाय गं ह्याने?"

खेळ संपल्यावर लोकांनी भावाला गराडा घातला. मला वाटलं, चालीबद्दल काहीतरी बोलतील.

"कोणतं सॉफ्टवेअर?" पहिल्याने विचारलं.

"हो, सॉफ्टवेअर कोणतं?" बाकीचे म्हणाले. त्यांत दोन्ही पंथांची मंडळी होती. आमचे हे कोपरं मारत सगळ्यांत पुढे.

"मशीनसोबत आलेलं होतं तेच," भाऊ ओशाळून म्हणाला, आणि त्याने नाव सांगितलं. सगळ्यांनी ते मोबाइलवर टिपून घेतलं. दुसऱ्या दिवसापासून घरोघर नव्याने चाचण्या सुरू झाल्या. आमच्याकडे मिरपूड संपली.

ते नाव मलाही ठाऊक आहे. सांगणार नाही. तुम्हीही मघापासून त्याचीच वाट पाहताय, हे मला दिसतंय. पहारेकऱ्याने फाटक लावलं तेव्हा वाजलं काय, हे मात्र तुमच्यापैकीही कोणी विचारलं नाही.