पत्रकांची हजेरी

शेंदूरखेडच्या सार्वजनिक वाचनालयातल्या पत्रकांना दर सोमवारी सकाळी अकरा वाजता पोलीस ठाण्यात हजेरी लावावी लागते. जामिनाची तशी अट आहे. साडेदहाला ती कपाटातून उतरतात आणि रस्त्याच्या डाव्या कडेने एकामागे एक निघतात. वारा असला की करुणा इंगळे बरोबर जाते, कारण एखादं उडून गैरहजर राहिलं तर सगळ्यांचा जामीन रद्द होतो.

करुणाने बी.कॉम. दुसऱ्या वर्षाला सोडलं. तेव्हापासून ती वाचनालयातली कपाटं सांभाळते. पत्रकाचा मजकूर तिचाच. इद्रिस मिस्त्री नळजोडणीची कामं करायचा, अर्धा जन्म लोकांच्या न्हाणीघरात काढलेला माणूस. चोरीच्या संशयावरून त्याला ठाण्यात नेलं आणि दुसऱ्या दिवशी तो ‘न्हाणीघरात घसरून’ मेला. पत्रकात एवढंच होतं: ‘ठाण्याच्या कोठडीला न्हाणीघरच नाही. मग इद्रिसभाई घसरले कुठे?’ खाली सभेची वेळ. सभेवर लाठ्या पडल्या, माणसं पळाली, पत्रकं जागेवरच राहिली. त्यामुळे गुन्हा पत्रकांवर दाखल झाला.

जामीन वाचनालयाने घेतला. गावात छापलेला प्रत्येक कागद जतन करायचा, असं वाचनालयाच्या घटनेत आहे. ती लिहिणारी माणसं वारली, आता ती बदलता येत नाही, याची अध्यक्ष खासनीस सरांना फार हळहळ वाटते.

पत्रकं सदतीस होती. दर सोमवारी त्यातली एकदोन ओलीचिंब होऊन यायची, वाळवली की कोरी निघायची. ठाण्याचा शेरा ठरलेला: ‘न्हाणीघरात घसरले.’ सरांनी ती कोरी पत्रकंही भोकं पाडून फाइलला लावली.

आता एकच वाचता येण्यासारखं उरलं होतं. आणि येत्या गुरुवारी जिल्ह्याचे चौकशी अधिकारी यायचे होते. गावाने विरोध केल्याची नोंद दिसली तर चौकशी पुढे चालणार, नाही दिसली तर ‘कोणाचीही तक्रार नाही’ असं लिहून इद्रिसची फाइल बंद. पुन्हा छापावं तर छापखानेवाल्याने दारावर नवी पाटी लावली होती, ‘फक्त लग्नपत्रिका’.

“सर, हे एक तरी या सोमवारी पाठवू नका,” करुणा म्हणाली.

“अगं, अट मोडायची?” सर व्याख्यानमालेचं निमंत्रण तपासत होते. विषय ‘अभिव्यक्तीचं स्वातंत्र्य’, प्रमुख पाहुणे ठाण्याचे साहेब. “आम्ही जतन कागदाचं करतो. कागद उत्तम स्थितीत आहेत. मजकूर काय, येतो-जातो.”

“तुमच्या सत्काराचा मजकूर तर काचेत लावलाय.”

“तो आमंत्रित मजकूर होता,” सर म्हणाले. “तुम्ही पोरं शिक्षण अर्धवट सोडता आणि मग आम्हाला शिकवता.”

करुणाने जामिनाचा कागद मागून घेतला. चार पानांचा होता, आणि सरांनी चारही पानांवर न वाचता सही केली होती. सहाव्या अटीत लिहिलं होतं: प्रत्येक हजेरीला आरोपीची ओळखीची खूण रजिस्टरमध्ये संपूर्ण नोंदवावी, नोंदीवर ठाणे प्रमुखाची सही घ्यावी.

सोमवारी वारा नव्हता, तरी ती गेली. ओळीत छत्तीस कोरी पत्रकं पुढे आणि छापील शेवटी. रजिस्टरवर झोडगे हवालदार होते. त्यांनी पत्रकाकडे पाहिलं आणि लिहिलं, ‘पांढरे, चौकोनी.’

“हे काय लिहून राह्यले काका?”

“ओळखीची खूण.”

“पांढरे चौकोनी तर सगळेच हायेत. उद्या लग्नपत्रिका येऊन हजेरी लावून गेली, तर जबाबदार कोण? तुमची पेन्शन किती वर्षांवर आली?”

झोडग्यांनी पेन थांबवलं. सहावी अट दोनदा वाचली. “मंग काय लिहू म्हणतं?”

“याच्या अंगावर जे हाय ते. जसंच्या तसं.”

ते लिहायला लागले. ओळ लिहिताना ओठ हलत होते. ‘कोठडीला न्हाणीघरच नाही’ एवढं लिहून ते थांबले, कोठडीच्या बाजूला वळून पाहिलं, मग म्हणाले, “हे तं खरं हाय,” आणि पुढचं लिहिलं.

“आता बाकीच्या छत्तीसांचं,” करुणा म्हणाली.

“ते तं कोरे हायेत.”

“तेच लिहा ना. ‘मजकूर होता, ठाण्यात गेला, तेव्हापासून नाही.’ व्रण ही पण खूणच असते.”

झोडग्यांनी छत्तीस वेळा तेच लिहिलं. त्यात दुपार झाली. साहेबांनी सदतीस सह्या केल्या. सही करायच्या गोष्टी वाचत बसलं की काम तुंबतं, असा त्यांचा अनुभव होता. त्यानंतर पत्रकं रीतसर आत नेण्यात आली. शेवटचं पत्रक ओलं होऊन बाहेर आलं. करुणाने ते रुमालात गुंडाळलं.

गुरुवारी चौकशी अधिकाऱ्यांनी विरोधाची नोंद मागितली. खासनीस सरांनी सदतीस कोऱ्या कागदांची फाइल शाल-श्रीफळासारखी दोन्ही हातांनी पुढे केली. अधिकाऱ्यांनी पेन काढलं. करुणा म्हणाली, “नोंद ठाण्यात आहे.”

रजिस्टर आणलं गेलं. अधिकाऱ्यांनी पान वाचलं, मग सही पाहिली.

“सही तुमची?”

“माझीच,” साहेब म्हणाले. नाही म्हणावं तर तीन वर्षांच्या सगळ्याच सह्या अडचणीत आल्या असत्या.

‘तक्रार नाही’ असं लिहिणं आता शक्य नव्हतं. चौकशी चालू ठेवण्यात आली. पण आक्षेपार्ह मजकूर बाळगल्याबद्दल साहेबांनी त्याच संध्याकाळी रजिस्टरला अटक केली. शनिवारी त्याला जामीन मिळाला. अट अशी की, दर सोमवारी जिल्हा कार्यालयात हजेरी. ठाण्याचं रजिस्टर ठाण्यातच हजेरी लावू शकत नाही, असं वकिलाचं मत पडलं. त्यावर सरांनी वर्तमानपत्राला पत्र लिहिलं की, दोन्ही बाजूंनी संयम पाळावा.

सोमवारी सकाळी रजिस्टर एसटीत चढलं. जाडजूड असल्याने पायरीवर जरा अडखळलं. इद्रिसची बायको नसरीनभाभी मागून चढली आणि तिने त्याला खिडकीशी बसवलं. वाहकाने दोन तिकिटं फाडली.

जिल्हा कार्यालयातल्या बाईंनी दोघांना समोर बसायला सांगितलं. नवी वही उघडली, रजिस्टरच्या जामिनातलीही तीच सहावी अट वाचली आणि पहिल्या पानापासून उतरवायला घेतलं. त्यांचं अक्षर झोडग्यांपेक्षा पुष्कळच चांगलं होतं.