गच्चीवरच्या यंत्राला शिवलेलं कव्हर

मला उघडी वस्तू बघवत नाही. फ्रिजला कव्हर, मिक्सरला कव्हर, टीव्हीच्या रिमोटलासुद्धा कव्हर. (नवऱ्यालाही शिवलं असतं, पण त्यांचं माप दरवर्षी वाढतं.) शाळा चौथीपर्यंत, पण शिलाई पक्की. प्रत्येक कव्हरावर लाल दोऱ्याने नाव काढते, कशाचं आहे ते. अक्षरं शिकलेय तर फुकट का घालवू?

आमचे हे ऊन सांगणाऱ्या ऑफिसात कारकून आहेत. कुठे किती ऊन पडणार ते हे लोक आधी काढतात आणि वीजवाल्यांना कळवतात, मग सौर पॅनेलांतून किती वीज येईल ते त्यांना समजतं. कॉम्प्युटर ढगांचा हिशोब मांडतो, आणि तो खरा की खोटा हे पडताळायला गच्चीवर ऊन मोजायचं यंत्र लागतं. आमच्या भागातलं एकुलतं एक यंत्र आमच्याच गच्चीवर आहे. पातेल्याएवढं, वर काचेचा घुमट. ती काच रोज पुसायची जबाबदारी यांची. यांचे गुडघे दुखतात, म्हणून पुसते मी.

गेल्या शनिवारी कबुतरांनी त्या काचेची जी दशा केली, ती बघून माझं टाळकं सरकलं. ठरवलं, यालाही कव्हर. जुन्या पडद्याचं काळं जाड कापड, खाली इलॅस्टिक. सूर्य मावळल्यावर घातलं. सकाळी काढणारच होते, पण मनात म्हटलं, आज रविवार, ऑफिसला सुट्टी. मग यंत्राला तरी कशाला उन्हात राबवायचं?

दुपारी बाराला फोन वाजला. हे "हो साहेब, हो साहेब" करत उठले, बसले, पुन्हा उठले. फोन ठेवला तेव्हा चेहरा पांढराफटक.

"कोण गेलं?" मी विचारलं.

"ऊन गेलं."

मी खिडकीबाहेर बघितलं. समोरच्या पत्र्यावरच्या उन्हाने डोळे दिपत होते. मी यांच्या कपाळाला हात लावून बघितला. (सहा वर्षं तात्पुरत्या नोकरीत काढली की माणसाचं डोकं फिरू शकतं.)

"अहो, बाहेर बघा तरी!"

"बाहेरचं कोण विचारतंय? कॉम्प्युटर म्हणतो, सकाळपासून काळोख. त्याने आपल्या डोक्यावर हा एवढा ढग धरलाय. सौर वीज येणार नाही म्हणून वीजवाले अर्ध्या गावाची लाईट बंद करायला निघालेत. दवाखाना, पाण्याचे पंप, सगळं!"

"मग सांगा त्यांना, ऊन आहे म्हणून."

"अगं, पुरावा यंत्राचाच लागतो. आणि यंत्र आपल्या गच्चीवर. साहेब स्वतः येतायत. उद्या माझ्या कायम होण्याच्या कागदावर सही आहे, आणि आज..." हे माझ्याकडे वळले. "काच पुसली होतीस ना?"

मला कव्हर आठवलं.

"पुसली," मी म्हणाले. (खोटं नव्हतं. चकचकीत पुसूनच कव्हर घातलं होतं.) "कपडे वाळलेत का बघून येते."

भांडणात मी कुणाच्या बापाला भीत नाही. पण त्या दिवशी तीन जिने चढताना भिंत धरावी लागली. दरवर्षी मुदत वाढल्याचं पत्र येईपर्यंत या माणसाला घास गिळत नाही. आणि त्याची नोकरी मी इलॅस्टिक लावून बांधून ठेवली होती!

गच्चीवर पोचले, तोच खाली गाडी थांबली. जिन्यात बूट वाजले. कव्हर ओढलं, तर सुटेना. (माझीच शिलाई. पक्की.) शेवटी दाताने ओढलं तेव्हा निघालं. आता लपवू कुठे? गच्ची सपाट, आणि खाली टाकलं तर थेट साहेबांच्या गाडीवर. दार करकरलं, आणि मी ते टोपीसारखं डोक्यात घातलं.

पुढे साहेब, मागे लॅपटॉप उघडून धरलेली इंजिनिअर पोरगी, शेवटी धापा टाकत आमचे हे.

"आलं!" पोरगी किंचाळली. "सर, ऊन आलं! शून्यावरून एकदम पूर्ण!"

"आधी वीजवाल्यांना कळव, काही बंद करू नका म्हणावं," साहेब म्हणाले. "वहिनी, तुम्ही काय केलंत?"

"काही नाही. जरा हात फिरवला."

हे माझ्याकडे असे बघत होते, जसं लग्नातही बघितलं नव्हतं. मी मान ताठ केली. तिथेच चुकले. साहेबांनी चष्मा सावरला आणि माझ्या कपाळावरची लाल अक्षरं सावकाश वाचली.

"ऑफिसचं... ऊन... मोजायचं... यंत्र."

हे मटकन खाली बसले.

"साहेब," कव्हर डोक्यावरून काढत मी म्हणाले, "यांना यातलं काही माहीत नाही. रविवार म्हणून मीच यंत्राला सुट्टी दिली. काय बोलायचं ते मला बोला, पण यांची सही थांबवू नका."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. मग पोरगीकडे वळले. "लिही. ढग स्थानिक होता. आणि काच यापुढे कारकुनाने स्वतः पुसायची."

सोमवारी सही झाली. हे आता रोज कण्हत तीन जिने चढतात, आणि त्या यंत्राच्या आसपास मला फिरकू देत नाहीत. परवा मात्र खरंच आभाळ भरून आलं, भरदुपारी अंधारलं. दोन मिनिटांत आमच्या घरचा फोन वाजला. इंजिनिअर पोरगी होती.

"काकू," ती म्हणाली, "हा ढग आहे, की तुम्ही?"